वर्षातून चार वेळा लागणारी चेन सॉ: कोणती घ्यावी, कोणती नको

प्रश्न: इंदूरला सुदामा नगरात घर आहे. आवारात जुना कडुनिंब, एक आंबा, दोन पेरू. सांवेरकडे थोडी शेती आहे, तिथे बांधावर बाभूळ आणि सुबाभूळ. वर्षातून तीन-चार वेळा फांद्या छाटायच्या, वादळात काही पडलं तर तुकडे करायचे, एवढंच काम. ऑनलाइन ५८ सीसीचं २२ इंची पेट्रोल मशीन सात हजारांत दिसतं, १६ इंची इलेक्ट्रिकही जवळपास त्याच भावात, बॅटरीवरची छोटी सॉ तीन हजारांत. अँगल ग्राइंडरला (लोखंड-फरशी कापायच्या हातमशीनला) लावायचा चेन सॉचा जोड तर हजारच्या आत मिळतो. काय घ्यावं?

उत्तर:

घरासाठी १८०० ते २००० वॅटची, १४ किंवा १६ इंची, वायरवाली इलेक्ट्रिक सॉ घ्या. शेतावरचं काम वर्षाकाठी एका दिवसाचं असेल तर त्यासाठी मशीन घेऊच नका, मशीनवाला माणूस बोलवा. बांध साफ करायचं काम दर हिवाळ्यात निघत असेल तरच पेट्रोल, आणि तेही ३० ते ४० सीसीचं. ५८ सीसी नको. ग्राइंडरचा जोड फुकट मिळाला तरी नको.

मशीन काय-काय कापेल हे सगळेच बघतात. पण कधीमधी वापरणाऱ्यानं आधी हे बघावं, की उरलेले अकरा महिने माळ्यावर पडून राहिल्यावर ते सुरू होईल का. घरगुती चेन सॉ कापून-कापून क्वचितच मरते. ती पडून-पडून मरते, किंवा बोथट चेननं जोर लावून-लावून.

पेट्रोलचं दुखणं इथेच आहे. आपल्याकडे पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि पावसाळ्याचे चार महिने ओल भरपूर असते. अर्धवट भरलेल्या टाकीत पाणी वाढत गेलं की एका मर्यादेनंतर इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाला बसतं. या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच मिसळलेलं ऑइल असतं, ते वरच्या पेट्रोलबरोबर राहतं. टाकीतला फिल्टर नळीच्या टोकाला लोंबकळत असतो, म्हणजे तळाचंच ओढतो. अशा वेळी इंजिन सुरू झालं नाही तर नशीब समजा. सुरू झालं, तर ते बिनऑइलचं चालतं आणि पिस्टनवर चरे पडतात. शिवाय उभ्या पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो, मागे चिकट थर राहतो, कार्ब्युरेटरची बारीक छिद्रं बुजतात, आतला पातळ रबरी पडदा कडक होतो. ‘गेल्या वर्षी तर छान चालत होतं’ म्हणून दुरुस्तीला येणाऱ्या मशीनची ही नेहमीची तक्रार. इलेक्ट्रिक सॉला यातलं काहीच नाही. साफ करून ठेवली तर दोन वर्षांनी बटण दाबलं तरी फिरते.

इलेक्ट्रिकबद्दल लोकांच्या दोन शंका असतात: ताकद कमी पडेल, आणि वायर आड येईल. ताकदीची चिंता सोडा. १८०० वॅटची सॉ धारदार चेनवर २५ सें.मी. जाडीची ओली कडुनिंबाची फांदी आरामात कापते. मकीताची यूसी ४०४१ ही याच वर्गातली, १८०० वॅट आणि ४०० मि.मी. बार (चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी). इतर कंपन्यांचीही अशी मॉडेलं आहेत. नाव कोणतंही असो, तीन गोष्टी बघा. पुढच्या हँडलसमोरचा गार्ड ढकलल्यावर चेन ब्रेक लागतो का, म्हणजे चेन जागीच थांबते का. ऑइल आपोआप सुटतं की बटण दाबून सोडावं लागतं. आणि आतले गिअर धातूचे आहेत की प्लॅस्टिकचे. अगदी स्वस्त सॉमध्ये प्लॅस्टिकचा गिअर असतो. चेन लाकडात अडकली आणि तरी बटण दाबून धरलं की त्याचे दात झिजून जातात, मग मोटर गुणगुणत राहते आणि चेन जागची हलत नाही.

वायरचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि इलेक्ट्रिक सॉ जळण्याचं सगळ्यात मोठं कारण तोच. २००० वॅटची मोटर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर घेते. म्हणजे ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटचं हे काम नाही, गीझर किंवा एसी लावतो तो १६ अँपिअरचा पॉइंट हवा. एक्स्टेन्शन २.५ चौरस मि.मी. तांब्याच्या वायरचं करून घ्या, लांबी ३० मीटर पुरे. त्यात व्होल्टेज जेमतेम ४ व्होल्ट पडतं. तेच १ चौरस मि.मी.ची वायर वापरली तर १० व्होल्ट जातात. लग्नाच्या मांडवात वापरतात ती ०.७५ची वायर असेल तर १३-१४, आणि वायर हाताला चटका देईल इतकी तापते. मे महिन्याच्या दुपारी मुळातच व्होल्टेज २००च्या आसपास रेंगाळत असेल तर हे १४ व्होल्ट फार महागात पडतात. मोटरचा वेग पडतो, माणूस जोर लावतो, करंट वाढतो, वाइंडिंगचा वास येतो. वायर रीळवर गुंडाळलेली असेल तर काम सुरू करण्याआधी पूर्ण उलगडा, गुंडाळ्यात उष्णता कोंडते. मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की सप्लाय तोडणारा स्विच) नसेल तर मशीनच्या आधी तो बसवून घ्या. वायर कापली जाण्याची भीती असते, म्हणून ती उजव्या खांद्यावरून मागे सोडायची आणि एक्स्टेन्शनचा जोड हँडलजवळच्या हुकात अडकवायचा.

आता बॅटरी. ‘२१ व्होल्ट’ म्हणून विकली जाणारी छोटी सॉ म्हणजे पाच लिथियम सेल. प्रत्येक सेल पूर्ण चार्जला ४.२ व्होल्ट, म्हणून २१. चालताना ती १८ व्होल्टचीच असते. डब्यावर ‘४८ व्हीएफ’, ‘८८ व्हीएफ’ असं छापलेलं असतं, त्या आकड्याला काही अर्थ नाही, आत बहुधा तेच पाच सेल. २ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे ३६ वॅट-तास ऊर्जा. वायरवाली सॉ पूर्ण भारावर तेवढी एका मिनिटाच्या थोडं पलीकडे खाऊन टाकते. पेरूच्या फांद्या, डाळिंब, मनगटाएवढ्या जाडीपर्यंतचं काम यासाठी ती उत्तम आहे, घरात असायला हरकत नाही. कडुनिंबाच्या मोठ्या फांदीला ती घेऊन जाऊ नका. यातल्या बऱ्याच सॉना चेन ब्रेक नसतो आणि त्या एका हातात मावतात. मग दुसरा हात फांदी धरायला जातो, आणि हाताला इजा होते ती नेमकी तिथे. नामांकित कंपन्यांची ३६ किंवा ४० व्होल्टची खरी मोठी बॅटरी सॉ चांगली असते, पण किंमत तुमच्या कामाच्या मानानं फार होते. शिवाय लिथियम बॅटरी न वापरताही म्हातारी होते. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत पूर्ण चार्ज करून ठेवली तर लवकरच. अर्धी चार्ज करून, घरातल्या थंड जागी ठेवायची असते.

ग्राइंडरच्या जोडाबद्दल सविस्तरच सांगायला हवं, कारण व्हिडिओ बघून तो सर्रास घेतला जातो. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे मारतो. त्याच्या तोंडाला पत्र्याचा कंस लावून वर साडेअकरा इंची बार आणि चेन बसवायची, ही कल्पना. ऑइल पंप नाही, थेंब-थेंब बाटलीतून सोडायचं. चेन ब्रेक नाही. चेन तुटली तर अडवणारा खिट्टीसारखा कॅचर नाही. ग्राइंडरचं बटण पुढे सरकवलं की अडकून राहतं, म्हणजे हातातून सुटला तरी चेन फिरतच राहते. मागचं हँडल म्हणजे ग्राइंडरची बॉडीच, तिला पकड नाही. कार्पेंटरच्या ग्राइंडरला लावायची दातेरी चकती याच जातीतली. दोन्ही दुकानात राहू द्या.

शेतासाठी पेट्रोल घ्यायचंच ठरलं तर ५८ सीसी का नको? वजनासाठी. २२ इंची बारसकट, टाक्या भरून ते मशीन सात किलोच्या आसपास जातं, आणि पुढचं टोक जड असतं. रोज कापणारा माणूस ते पेलतो. वर्षातून चारदा हातात घेणाऱ्याचे खांदे अर्ध्या तासात भरून येतात, मग बारचं टोक खाली जातं आणि जमिनीला लागतं. तुमच्या बांधावरची बाभूळ ३० सें.मी.ची असली तरी १६ इंची बार, म्हणजे ४० सें.मी., पुरून उरतो. त्याहून जाड खोड दोन्ही बाजूंनी कापता येतं. तुलनेसाठी सांगतो: श्टील (Stihl) कंपनीच्या एमएस १७० चं इंजिन ३०.१ सीसीचं आणि एमएस १८० चं ३१.८ सीसीचं, दोन्हीचं वजन बारशिवाय चार किलोच्या आसपास. घरगुती वापरासाठी जगभर विकली जाणारी मशीनं ही आहेत. त्यांची किंमत सात हजारांपेक्षा बरीच जास्त आहे हे खरं. पण सात हजारांच्या मशीनला दुसऱ्या वर्षी कार्ब्युरेटर, तिसऱ्या वर्षी क्लच, असं करत फरक भरून निघतोच, वर मेकॅनिककडचे हेलपाटे.

पेट्रोल मशीनचे नियम थोडे आहेत, पण ते मोडून चालत नाही. मिश्रण आधी डब्यात करायचं, टाकीत नाही. चांगलं टू-स्ट्रोक ऑइल आणि मशीनच्या पुस्तिकेत १:५० असेल तर लिटरला २० मि.ली., १:२५ असेल तर ४० मि.ली. ‘थोडं जास्त घातलेलं बरं’ असं करत गेलं की प्लग काळा पडतो आणि सायलेन्सर काजळीनं चोंदतो. कमी घातलं तर इंजिन जाम. महिनाभर पुरेल एवढंच मिश्रण करा, उरलं तर स्कूटरच्या भरल्या टाकीत थोडं-थोडं ओतून संपवा. काम झालं की टाकी रिकामी करायची, मग मशीन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. एवढ्या दोन मिनिटांच्या कामानं वर माळ्यावरचं जे रडगाणं सांगितलं ते बहुतेक टळतं. सुरू करताना चेन ब्रेक लावलेला असू द्या, मशीन जमिनीवर ठेवून मागच्या हँडलमध्ये बुटाचं टोक घाला. चोक ओढून दोरी खेचत असताना एकदा इंजिन ‘फट्’ करून विझतं. तो आवाज आला की चोक अर्धा करायचा. आवाज ऐकू आला नाही म्हणून चोक तसाच ठेवून ओढत राहिलात तर प्लग पेट्रोलनं भिजतो. मग प्लग काढून पुसा, चोक उघडून चार-पाच वेळा दोरी ओढा, पुन्हा बसवा. आणि सुरू झाल्यावर ब्रेक सोडायला विसरू नका. ब्रेक लावलेल्या अवस्थेत रेस दिली की क्लच तापून निळा पडतो, स्वस्त मशीनमध्ये शेजारचं प्लॅस्टिकही वितळतं.

आता चेन. इलेक्ट्रिक असो की पेट्रोल, कापणारी ती. पैसे आणि लक्ष दोन्ही इथे घाला.

चेनची ओळख तीन आकड्यांनी होते: पिच, गेज आणि बारच्या खाचेत बसणाऱ्या दातांची संख्या. सलग तीन रिव्हेटमधलं अंतर मोजून त्याचं निम्मं म्हणजे पिच. खाचेत बसणाऱ्या दात्याची जाडी म्हणजे गेज. १४-१६ इंची घरगुती सॉला बहुधा ३/८ लो प्रोफाइल पिच आणि १.३ मि.मी. गेज असतं. मोठ्या ५२-५८ सीसीवाल्यांना बहुधा ०.३२५ पिच आणि १.५ मि.मी. गेज. आता गंमत अशी की १६ इंची बारची चेन कुठे ५५ दात्यांची, कुठे ५६, कुठे ५७. एका दात्यानं छोटी चेन चढत नाही, एकानं मोठी ताणली जात नाही. म्हणून नुसतं ‘सोळा इंची द्या’ म्हणून घेऊ नका. आकडे बारच्या मागच्या टोकाशी कोरलेले असतात. जुना बार झिजून पुसट झाला असेल तर चेन उतरवून खाचेत बसणारे दाते मोजा.

नवी चेन बसवताना सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे उलटी बसवणं. बारच्या वरच्या बाजूला कापणाऱ्या दात्यांची धार टोकाकडे असली पाहिजे. उलटी बसली की धूर येतो, लाकूड काळं पडतं, कापत काहीच नाही, आणि माणूस मोटरला दोष देतो. दुसरी चूक अशी, की टेन्शनरची छोटी पिन बारच्या भोकात न बसवता नट आवळणं. पिन वाकते. बारचं टोक वर उचलून धरायचं, स्क्रूनं चेन ताणायची, मग नट आवळायचे. ताण बरोबर आहे हे असं ओळखा: बारच्या खालच्या बाजूला चेन चिकटून आहे, वरून मधोमध चिमटीत धरून ओढली तर ३-४ मि.मी. उचलली जाते पण दाते खाचेतून पूर्ण बाहेर येत नाहीत, आणि हातमोजा घालून ओढली तर सहज फिरते. नवी चेन पहिल्या पाच मिनिटांतच सैल पडते, थांबून पुन्हा ताणा. गरम चेन ताणून तशीच ठेवू नका, थंड होताना ती आखडते आणि बारवर, बेअरिंगवर ताण येतो.

बारच्या ऑइलशिवाय एक मिनिटही चालवू नका, ‘इलेक्ट्रिकला ऑइल कशाला’ हा समज खोटा आहे. बार ऑइल मिळालं तर उत्तम, नाही तर एसएई ३० जाडीचं इंजिन ऑइल चालतं. गाडीतून काढलेलं काळं ऑइल नको, त्यातला धातूचा चुरा पंप खातो. तपासणी सोपी आहे. वर्तमानपत्रावर बारचं टोक वीतभर उंचीवर धरा, वेगात चालवा, कागदावर ऑइलची बारीक रेघ उमटली पाहिजे. नाही उमटली तर बार काढून त्याच्या मुळाशी असलेलं छोटं छिद्र काडीनं मोकळं करा. भुसा आणि ऑइल मिळून तिथे लगदा होतो.

धार गेली हे लाकडापेक्षा भुसा आधी सांगतो. चांगल्या चेनमधून चौकोनी कपच्यांसारखा भुसा पडतो. पिठासारखा पडू लागला की थांबा. ३/८ लो प्रोफाइलला ४ मि.मी.ची गोल कानस लागते, ०.३२५ला ४.८ मि.मी.ची. दात्यावरच्या तिरप्या खुणेला समांतर, म्हणजे ३० अंशांत, आतून बाहेर, फक्त पुढे ढकलायची. मागे ओढताना उचलायची. प्रत्येक दात्याला दोन-तीन फेरे, सगळ्यांना सारखे. खाचेत बसणारे ५६ दाते असलेल्या चेनला कापणारे २८ असतात, १४ डावे, १४ उजवे. एका बाजूला जास्त घासलं गेलं की काप वाकडा जायला लागतो आणि बार लाकडात आवळला जातो. चार-पाच वेळा धार लावल्यावर प्रत्येक कापणाऱ्या दात्याच्या पुढचा जो बोथट उंचवटा असतो तो सपाट कानशीनं कमी करायचा, दात्यापेक्षा ०.६५ मि.मी. खाली. तो राहून गेला तर धार असूनही भुसा पिठासारखाच. जास्त घासला तर चेन लाकूड हिसकते. दर धारेला बार उलटा करून बसवा, दोन्ही कडा सारख्या झिजतील.

धार सगळ्यात लवकर मातीनं जाते. सांवेरच्या काळ्या मातीत पडलेला ओंडका जमिनीवर ठेवून कापला आणि शेवटी चेन एकदा मातीला टेकली, तेवढ्यात अर्ध्या तासाची धार गेली. ओंडक्याखाली दोन जाड फांद्या घाला, किंवा तीन-चतुर्थांश कापून फिरवून घ्या. घराजवळच्या झाडात खिळे असतात, कपडे वाळवायच्या तारेचे, जुन्या फलकांचे. साल फुगलेली दिसेल तिथे कापू नका. वाळलेली बाभूळ ओलीपेक्षा कितीतरी कठीण, शक्य असेल तर ओली असतानाच तुकडे करून घ्या.

बारच्या टोकाचा वरचा चतुर्थांश भाग कशालाही लागू द्यायचा नाही. तिथे लागलं की सॉ क्षणात उलटी तोंडाकडे येते, याला किकबॅक म्हणतात, आणि चेन ब्रेक त्यासाठीच असतो. डावा अंगठा पुढच्या हँडलखालून घेऊन पक्की मूठ, खांद्याच्या वर कापायचं नाही, शिडीवर उभं राहून तर मुळीच नाही. उंचावरची छोटी फांदी काठीच्या करवतीनं निघते. मोठी फांदी असेल तर झाडावर चढणारा माणूसच बोलवा. डोळ्यांना जाळीऐवजी चश्मा, पेट्रोल असेल तर कानाला मफ, पायात बंद बूट. ढगळ कुर्ता, उपरणं, गळ्यातला गमछा नको.

जाड फांदी एका कापात घेतली तर तुटताना खोडाची साल सोलत जाते. खोडापासून फूटभर अंतरावर आधी खालून एक-तृतीयांश कापा, मग त्याच्या थोडं पुढे वरून. फांदी पडली की उरलेला खुंट मुळाशी, जिथे सालीची फुगीर कड दिसते तिच्या बाहेरून काढा. खालचा काप फार खोल गेला तर बार अडकतो. अडकला तर मशीन बंद करून फांदी उचलून सोडवा, चालू ठेवून हिसके देऊ नका.

तुमचा कडुनिंब वायरजवळ असेल तर वीज कंपनीच्या लाइनमनला सांगून सप्लाय बंद करून घ्या, ओल्या फांदीतून वीज उतरते. आणि छाटणी वेगळी, झाड तोडणं वेगळं. शहरात स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही २००१ च्या मध्य प्रदेश वृक्ष परिरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते, महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज करावा लागतो. शेतावर साग असेल तर तहसीलला विचारल्याशिवाय हात लावू नका.

खरेदी शक्यतो इंदूरच्या सियागंज बाजारात, डोळ्यांसमोर मशीन चालवून. काउंटरवर तीनच गोष्टी करा: चेन ब्रेक लावून-सोडून बघा, ऑइलची रेघ कागदावर उमटवून घ्या, आणि त्याच मॉडेलची सुटी चेन आणि (इलेक्ट्रिक असेल तर) मोटरचे कार्बन ब्रश आत्ता दुकानात आहेत का ते विचारा. ‘मागवून देऊ’ असं उत्तर आलं तर पुढच्या दुकानात जा. मशीनबरोबर एक जादा चेन, योग्य जाडीची गोल कानस आणि लिटरभर बार ऑइल लगेच घ्या, आणि चेनचे तिन्ही आकडे बिलावर लिहून घ्या.